बाबांचं वरणाचं पाणी

रश्मी (ए २०२): किडनीच्या तपासणीत सासऱ्यांचं क्रिएटिनिन २.४ आलं अन् पोटॅशियम ५.६, दोन्ही जास्त, तेव्हापासून सासूबाईंनी डाळच बंद केली. चणे, राजमा, बरबटी सगळे डबे वरच्या फळीवर. बाबांना नुसतं वरणाचं वरचं पाणी अन् भात देऊन राहिल्या, हलकं म्हणून. महिन्याभरात शर्ट ढगळ झाले त्यांचे. कोणाकडे किडनीचं पथ्य आहे का?

देशपांडे काका (सी १०१): प्रोटीन म्हणजे किडनीवर लोड. बंदच पाहिजे डाळ. मागं फॉरवर्ड टाकला होता मी 🙏

सुनीता काकू (बी ३०४): भाऊजी तुमचे फॉरवर्ड राहू द्या 😄 रश्मी, आमच्या ह्यांचं सहा वर्षांपासून सुरू आहे. प्रोटीन मोजून खायचं असते, बंद नाही करायचं. डायलिसिस नसेल तर साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाचे ४८. १०० ग्रॅम घट्ट शिजलेल्या डाळीत आठ-नऊ ग्रॅम. आणि अगं पोटॅशियम पाण्यात उतरते, डाळ खाली बसते, म्हणजे बाबांना जे नको तेच तुम्ही वाटीवाटीनं पाजून राहिल्या अन् जे पाहिजे ते भांड्यात! चणे-राजमा रात्रभर भिजव, ते पाणी फेक, भरपूर पाण्यात उकळ, तेही फेक, मग फोडणी दे. सगळं पोटॅशियम जात नाही पण बरंच कमी होते. आम्ही लहान वाटी ठेवलीय, तीच रोज.

निखिल (ए ४०३): पण काकू फॉस्फरस? मामाला त्याच्यासाठी डाळ कमी सांगितली होती.

सुनीता काकू: असते न. पण कडधान्यातला बराचसा फायटेट नावाच्या घटकात अडकलेला, अंगी कमी लागते. कोला अन् प्रोसेस्ड चीजमध्ये वरून फॉस्फेट टाकतात, ते जवळजवळ सगळं शोषल्या जाते. तुझे मामा डायलिसिसवर आहेत न? त्यांचा हिशोब वेगळा, त्यांना प्रोटीन जास्त लागते, किलोमागे १ ते १.२. एकाचा चार्ट दुसऱ्यानं वापरू नये.

रश्मी: बरं झालं विचारलं. बाकी मीठ तर आम्ही लो सोडियमवालंच आणलंय बाबांसाठी, महागाचं.

सुनीता काकू: काय??? पाकीट पलटव अन् मागचं वाच आधी.

रश्मी: पोटॅशियम क्लोराइड लिहून आहे 😳

सुनीता काकू: आत्ताच्या आत्ता बंद कर. ५.६ असताना ते मीठ! साधंच मीठ, पण मोजून, अन् पापड-लोणचं नाही. सोमवारी डॉक्टरांना हेही सांग, पुन्हा रक्त तपासतील ते.

देशपांडे काका: डाळीवर उगाच आळ आला म्हणायचा मग. मी फॉरवर्ड डिलीट करतो.

रश्मी: काकू शेवटचं एक. रविवारी तर्री पोहे चालतील? चणे गाळून देईन.

सुनीता काकू: अगं तर्री म्हणजे चण्याचंच पाणी झालं न, वरून मीठ-तिखट. चणे घरी दोनदा पाणी फेकून शिजव, चमचाभर पोह्यावर टाक, कांदा-लिंबू दे.

रश्मी: करते. पण तर्री कुठंय म्हणून बाबा ताट सरकवतील, तेव्हा तुम्हीच या खाली 🙈