मेटिऑर उपग्रहाचा सकाळचा फोटो फाटतो, रात्रीचा स्वच्छ येतो. सूर्यामुळे का?

डिशखालचा:

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात माझं टीव्ही, मिक्सर, मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. गच्चीवर उभं राहिलं की खोडदच्या बाजूच्या, जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या एक-दोन डिश दिसतात, म्हणून हे नाव घेतलंय. शिक्षण आयटीआय, तेव्हा उत्तर सोप्या भाषेत द्या.

पोरगी नववीत आहे. तिनं कुठंतरी पाहिलं की हवामानाच्या उपग्रहाचा फोटो घरच्या घरी पकडता येतो, आणि माझ्या मागं लागली. आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ) मागवला. अँटेना घरचीच. दूरदर्शनच्या काळातली जुनी अँटेना माळ्यावर पडली होती, तिच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या ५३-५३ सेंटीमीटर कापल्या, कनेक्टर पट्टीत अडकवल्या, मध्ये १२० अंशाचा कोन ठेवून पीव्हीसी पाइपवर आडव्या बसवल्या. तोंड उत्तर-दक्षिण. केबल डिश टीव्हीचीच.

पहिला महिना वाया गेला. जुने व्हिडिओ बघून आम्ही अमेरिकेच्या नोआ-१९ उपग्रहाची वाट बघत बसायचो. बापलेक रोज गच्चीवर, आणि कानात नुसता खरखराट. मग कळलं की नोआ-१५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्येच बंद केलेत. मेलेल्या माणसाला मिस्ड कॉल देत होतो म्हणा ना.

आता रशियाचा मेटिऑर-एम एन२-३ धरतो, १३७.९ मेगाहर्ट्झवर. सॅटडंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र बनतं. खरी अडचण पुढं आहे.

रात्री नऊच्या सुमाराचा पास (म्हणजे उपग्रहाची डोक्यावरून जाणारी फेरी) झकास येतो. इन्फ्रारेड असतं, पण श्रीलंकेपासून पार हिमालयापर्यंत एक रेघ तुटत नाही. सकाळी नऊ-साडेनऊचा पास मात्र सुरुवातीला पाच-सहा मिनिटं बरा चालतो आणि मग काळे पट्टेच पट्टे. पोरीला हवाय तो दिवसाउजेडीचा फोटो, ढग पांढरे आणि समुद्र काळा दिसणारा. तोच नेमका फाटतो.

मागच्या आठवड्यात दोन दिवस झड लागली होती. त्या दोन्ही सकाळी चित्र पूर्ण आलं! म्हणून विचारतो, सूर्यच सिग्नल खराब करतो का? काही फिल्टर वगैरे आहे का त्याला?

पावभाजी_४०४:

सूर्याला फिल्टर म्हणजे छत्री.

निवृत्त वायरमन:

डिशखालचे भाऊ, सूर्याचं मला कळत नाही, पण पावसात आवाज बंद होतो हे वाचून हात शिवशिवले. तेहतीस वर्षं खांबावर काढली आहेत. पिन इन्सुलेटरची तार ढिली झाली किंवा जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) नीट आवळलेला नसला की तिथं बारीक ठिणगी पडत राहते. डोळ्याला दिसत नाही, पण रेडिओला लगेच कळते. पाऊस पडला की फट ओली होते आणि ठिणगी थांबते. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त त्रास.

मी तुमच्याच पट्ट्यात नोकरी केली आहे. खोडदच्या दुर्बिणीला असला खांब अजिबात चालत नाही. तिकडची माणसं हातात अँटेना धरून लाईनीखालून चालत यायची आणि म्हणायची, "हा खांब." आम्ही खालून बघायचो, सगळं शाबूत. वर चढून हात लावला की जंपर डुलतोय! सुरुवातीला राग यायचा की वीज चालू आहे, तक्रार कुणाचीच नाही, मग ह्यांचं काय जातं. नंतर कुणीतरी समजावून सांगितलं की वरून येणारा आवाज इतका बारीक असतो, की आमची ठिणगी त्याच्यापुढं लग्नातला बँड.

तर गच्चीजवळचा डीपी आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन खांब तपासा. फक्त एक गोष्ट मला खटकते. लाईन रात्रीही चार्ज असते, मग रात्री आवाज का नाही? दव पडून इन्सुलेटर ओला होत असेल असं म्हणावं, तर रात्री नऊला कुठलं आलंय दव.

खिशातला रेडिओ असेल तर एफएम नको, मिडियम वेव्ह लावा. स्टेशन नसेल अशा जागी काटा ठेवा आणि खांबापर्यंत चालत जा. खांबाला हात लावायचा नाही, त्याच्या ताणाच्या तारेलाही नाही. खराबी सापडली तर ऑफिसला कळवा, स्वतः काठीनं ठोकत बसू नका. असे बहाद्दर पाहिलेत म्हणून सांगतो.

किलोहर्ट्झ कोथरूड:

सूर्याला आधी सोडवतो. सूर्य रेडिओलहरी टाकतो हे खरं, पण तुमची अँटेना म्हणजे दोन नळ्या, तिला जवळपास सगळं आकाश एकदम ऐकू येतं. १३७ मेगाहर्ट्झला त्या आकाशातला मोठा आवाज आपल्या आकाशगंगेचा. शांत सूर्याचा वाटा त्यात चिमूटभर. सौरवादळात तो भडकतो, पण रोज सकाळी ठरल्या वेळी नाही. आणि ढगांनी तो झाकलाही जात नाही, ह्या लहरी ढगातून आरपार येतात. म्हणजे झडीच्या दिवशी सूर्य रेडिओत तेवढाच होता, तुमचं चित्र मात्र सुधारलं. तेव्हा जो गुन्हेगार आहे तो *उजेडावर* चालणारा आहे.

दोन गोष्टी सांगा. एक, आसपास सोलर काय काय आहे? दोन, पास फाटतो तेव्हा धबधब्यात (वॉटरफॉल हो, पडद्यावर सिग्नलचा सरकत जाणारा आलेख) काय दिसतं? वायरमनकाकांची ठिणगी असेल तर सेकंदाला शंभर वेळा तडतड होते, कारण वीज ५० हर्ट्झची आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताण शिगेला जातो. ती सगळीकडे सारखी पसरलेली दिसते. इन्व्हर्टर-कंट्रोलर जातीचं काही असेल तर सारख्या अंतरावर उभ्या रेघा दिसतील.

डिशखालचा:

अरेच्चा. उभ्याच रेघा आहेत! फणीच्या दातांसारख्या, साधारण पंधरा-सोळा किलोहर्ट्झवर एक, आणि सगळी फणी हळूहळू एका बाजूला सरकत जाते. मी समजत होतो डोंगल गरम होतोय.

आणि सोलर म्हणाल तर गच्चीपासून चाळीस पावलांवर नानांची विहीर. नाना म्हणजे माझे चुलते. गेल्या वर्षी त्यांनी सौर कृषी पंप बसवला. ऊन चढलं की नऊ-सव्वानऊला पाणी फेकायला लागतो. झडीच्या दोन दिवसांत पंप चाललाच नव्हता.

संध्याकाळी रेडिओ घेऊन आधी खांबाकडं गेलो. गप्प. आज सकाळी पंप चालू असताना पॅनेलखाली गेलो तर रेडिओ असा किंचाळला की नानांची म्हैस दचकली. पॅनेलपासून कंट्रोलरच्या पेटीपर्यंत वायर चांगली लांब आहे, आणि उरलेलं भेंडोळं तसंच खांबाला टांगलंय. मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे आधी सुचलं नाही याची लाज वाटते.

नानांना सांगितलं की पंधरा मिनिटं पंप बंद ठेवा, उपग्रह जाणार आहे. नाना म्हणाले, "जाऊ दे की. मी कुठं अडवलंय त्याला?"

निवृत्त वायरमन:

खांब सुटला बिचारा. ते टांगलेलं भेंडोळं आधी सोडवा, पण ऊन असताना पॅनेलच्या वायरीला हात घालू नका. मेन स्विच पाडला तरी पॅनेलकडची बाजू जिवंतच राहते. डीसीचा ठिणगा एसीसारखा लगेच विझत नाही. दिवस मावळल्यावर काम करा.

किलोहर्ट्झ कोथरूड:

काका म्हणतात ते शंभर टक्के. पेटीतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं, म्हणून ती फणी. लांब वायर ही त्याची अँटेना. जादा वायर कमी करा, प्लस-मायनस एकत्र पिळून घ्या, पेटीच्या तोंडाशी क्लिपवाले फेराइट (वायरीतला गोंगाट दाबणारी कडी) लावा, जमेल तेवढे वेढे घेऊन. पेटी उघडू नका, वॉरंटी असेल. आणि अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या. हे सगळं करून फणी बारीक होईल, नाहीशी होणार नाही. पासपुरतं नानांना पटवणं सगळ्यात स्वस्त.

आता गंमत बघा. तुम्ही ज्या १३७ मेगाहर्ट्झसाठी जीव टाकताय, तो जीएमआरटीच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यात येतो, १२० ते २५० मेगाहर्ट्झच्या. ४५ मीटरच्या तीस डिश २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात ठेवल्या त्या दूरच्या दीर्घिका आणि पल्सार (ठरावीक तालात ठोके देणारे तारे) ऐकायला. मेटिऑर वरून गेला की त्यांच्या दृष्टीनं तोही नानांचा पंपच. तुमचा सिग्नल तो त्यांचा गोंगाट. पंप निदान विनवणी केल्यावर बंद करता येतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आधी आखलेला मार्ग ह्याच दुर्बिणीमुळे बदलायची वेळ आली, उपग्रहाला मात्र वळसा घालायला कोण सांगणार.

मुलीसाठी एक प्रयोग. पास सुरू होताना सिग्नल १३७.९ च्या जवळपास तीन किलोहर्ट्झ वर असतो, डोक्यावर येताना बरोबर जागेवर, मावळताना तेवढाच खाली. एसटी हॉर्न वाजवत जवळून गेली की आवाज उतरतो, तेच हे. मेटिऑरचा सिग्नल १२० किलोहर्ट्झ रुंद, त्यात तीन किलोहर्ट्झ चटकन कळत नाहीत. अंतराळ स्थानक १४५.८ वर आवाज किंवा चित्रं पाठवतं तेव्हा ते सरकणं डोळ्यांना दिसतं.

ह्याच सरकण्यावर यानांचा माग काढतात. १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या त्या डिश मंगळाकडं वळल्या होत्या. युरोपचं शियापरेली हे यान उतरत होतं, साडेसतरा कोटी किलोमीटरच्या आसपास अंतर, सिग्नल यायलाच साडेनऊ मिनिटांहून जास्त. माहिती वाचण्याइतका तो मोठा नव्हताच, ४०१ मेगाहर्ट्झजवळची नुसती एक शीळ. पण ती शीळ किती सरकते यावरून यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं, हे कळत गेलं. आणि उतरायला मिनिटभरही उरलं नसताना ती थांबली. नंतर उलगडा झाला की फिरकी मोजणारं उपकरण काही क्षण शिगेला अडकलं होतं, त्यावरून संगणकानं हिशोब केला की आपण जमिनीच्याही खाली आहोत, आणि पॅराशूट सोडून दिलं. तेव्हा यान अजून पावणेचार किलोमीटर वर होतं.

पावभाजी_४०४:

उतरलो असं समजून वरूनच छत्री सोडली. माझा छत्रीचा सल्ला एवढाही वाईट नव्हता.

डिशखालचा:

चार दिवसांनी लिहितोय. रविवारी संध्याकाळी भेंडोळं सोडवलं, वायर पिळली, पाच फेराइट लावले. फणी निम्म्यावर आली. तरी पट्टे होतेच, म्हणून घरातला मेन पाडून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, तर उरलेल्यातला निम्मा आवाज गेला! एकेक स्विच लावत गेलो. निघाला कोण, तर माझ्याच दुकानातला एलईडी बल्ब. मीच दुरुस्त केलेला, कपॅसिटर नव्हता म्हणून तसाच जोडून दिलेला. हे नानांना सांगितलेलं नाही.

काल सकाळी नऊ बाविसला पास होता. नानांनी पंप बंद केला आणि गच्चीवर येऊन बसले. वरून एकेक ओळ सरकत येताना बघत होते. पोरीनं दाखवलं, हा कोकणचा किनारा, हे गुजरातजवळचं आखात, हे पांढरं म्हणजे ढग. नानांनी विचारलं आपली विहीर कुठं. तिनं सांगितलं की ह्यात एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर, विहीर दिसायची नाही. नाना म्हणाले, मग पंप कशाला बंद केला मी?

चित्र मात्र पूर्ण आलं. एक पट्टा नाही.

आता पोरीचं म्हणणं आहे की शियापरेलीची ती शीळ सरकताना कशी दिसत होती याचा आलेख कुठं बघायला मिळेल. कोथरूडकर, तुमच्याकडं असेल तर इथं टाका. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जाणार आहोत, वायरमनकाका, तुम्ही त्या बाजूला असाल तर चहा माझ्याकडं.