उत्तर: रात्री रेडिओवर लांबची केंद्रं का लागतात?

वर एकांनी लिहिलंय की रात्री हवा थंड होते म्हणून लांबची स्टेशनं लागतात. कारण वेगळं आहे. आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा ‘डी’ थर दिवसा मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब उतरतात.

इंदूरला रामबागेतल्या घरी आजोबा रात्री ५५८ किलोहर्ट्झवर मुंबईचं मराठी केंद्र लावायचे. ट्रान्झिस्टर खिडकीत, तोंड दक्षिणेकडे! आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा अँटेना, केंद्राच्या दिशेशी काटकोनात असली की आवाज खणखणीत. सेट फिरवून कांडीचं टोक केंद्राकडे केलं की पार बुडायचा. माळव्यात बसून ती मराठी ऐकणं म्हणजे आमच्यासाठी माहेरचा निरोपच.