विषय: मेडिकेअरमध्ये कोलोनोस्कोपी फुकट, मग बिल कसलं?

नमस्कार मंडळी,
मेडिकेअरमध्ये (अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा, मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी) कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, फुकट असते म्हणतात. तरी बिल का येतं? आणि पुढे कॅन्सरचे उपचार लागलेच, तर त्यातला पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवांचा भाग) पुरेल का?
— मीनल

मीनलताई,
फुकट असते ती स्क्रीनिंगची, म्हणजे काही त्रास नसताना केलेली. तीही डॉक्टर मेडिकेअरचा दर पूर्ण मानणारे असतील तर. शौचावाटे रक्त जातंय म्हणून केली की ती डायग्नॉस्टिक (निदानासाठीची): आधी डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम, वर 20 टक्के आपले. स्क्रीनिंग करतानाच पॉलिप (आतड्यातली छोटी गाठ) सापडून काढला, तर डिडक्टिबल नाही, पण 2026 अखेरपर्यंत 15 टक्के आपले. 2027 पासून 10, 2030 पासून शून्य.

गोंधळ होतो तो इथेच. पॉलिप काढल्यावर बिलिंगवाल्याने कोडला 'पीटी' मॉडिफायर, म्हणजे 'हे स्क्रीनिंगच होतं' सांगणारी खूण, लावायचा असतो. तो राहिला की क्लेम डायग्नॉस्टिक म्हणून जातो. मेडिकेअरकडून येणाऱ्या समरी नोटिसमध्ये (क्लेमच्या हिशोबाच्या पत्रात) डिडक्टिबल कापलेलं दिसलं, तर पैसे भरू नका. आधी डॉक्टरांच्या बिलिंगला फोन करून दुरुस्त क्लेम पाठवायला सांगा. नाहीच ऐकलं तर नोटिस मिळाल्यापासून 120 दिवसांत अपील.

घरच्या किटची शौचाची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्यानंतरची कोलोनोस्कोपी 2023 पासून स्क्रीनिंगच धरतात. हे बऱ्याच क्लिनिकांना अजून सांगावं लागतं!
— सुहास

सुहासरावांच्या पुढे उपचारांचं. शिरेतून दिलेली केमो पार्ट बीमध्ये: 20 टक्के आपले, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. गोळ्या बहुधा पार्ट डीमध्ये, म्हणजे औषधांच्या विम्यात. तिथे आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला 2026 साठी 2,100 डॉलरची मर्यादा आहे, पण औषध प्लॅनच्या यादीत हवं.

ते 20 टक्के झेलायला मेडिगॅप, म्हणजे खासगी कंपनीचा पूरक विमा. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनी आजार विचारून नाकारू शकत नाही. नंतर बहुतेक राज्यांत नाकारते. अॅडव्हान्टेज प्लॅनला (मेडिकेअरच खासगी कंपनीमार्फत घेणं) खर्चाची मर्यादा असते खरी, पण नेटवर्क (ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलं) आणि पूर्वपरवानगी आली. आपलं कॅन्सर सेंटर त्यात आहे का, ते सही करण्याआधी बघा.

ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना सलग पाच वर्षं राहिल्यावर पार्ट बी विकत घेता येतो. सत्तरीत घेतला तरी मेडिगॅपचे सहा महिने तेव्हापासूनच मोजतात. हे एजंट सहसा सांगत नाहीत. तोवर मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) प्लॅन घ्या. व्हिजिटर इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, आधीचा आजार त्यात सहसा वगळलेला असतो.
— वृंदा