जकातदाराची प्रार्थना आणि रमाबाई

कोणीतरी लिहिलंय की देवापुढे नम्र होणं म्हणजे स्वतःला कवडीमोल समजणं. मला हे पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आठवा. तो खोटं बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, हे तो खरंच करत असणार. सुरुवातही त्याने देवाचे आभार मानून केली! पण प्रार्थना करताना त्याची नजर दूर उभ्या असलेल्या जकातदारावर, म्हणजे लोक ज्याला पापी समजत त्या करवसुली करणाऱ्यावर, होती. जकातदाराला मात्र तुलना करायला कोणी दिसतच नव्हतं, तो फक्त दया मागत होता. मला फरक तिथे दिसतो.

खऱ्या नम्रतेसाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या नावाजलेल्या बाईने हे उघडपणे म्हणायला किती धैर्य लागलं असेल! आणि म्हणून त्यांनी विद्या टाकून दिली का? उलट त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. स्वतःला कवडीमोल समजणाऱ्या माणसाच्या हातून हे काम झालं असतं, असं तुम्हाला वाटतं का?