वडिलांना संध्याकाळी दोन-दोन दिसतं, कारण सापडत नाहीये (पुणे)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. वडील वय ६४, आम्ही कोथरूडला. दिवाळीनंतर कधीतरी क्रिकेट बघताना म्हणाले की स्कोअर एकावर एक असा दोनदा दिसतोय. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नवा चष्मा केला, काडीचा फरक नाही. सकाळी एकदम ओके असतात, शब्दकोड्यासकट पेपर वाचून काढतात, पण दुपार कलली की सुरू होतं आणि संध्याकाळी तर नळस्टॉपचा दुमजली पूल त्यांना चौमजली दिसतो (हे त्यांचंच वाक्य, विनोद अजून शाबूत आहे). स्कूटर बंद केलीये, म्हणजे आईने किल्ली लपवलीये.

कुठलाही एक डोळा झाकला, डावा किंवा उजवा, की एकच दिसतं. दोन्ही उघडले की परत दोन.

डोळ्याचे डॉक्टर म्हणाले मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, पडदा आणि प्रेशर चांगलं. शुगर आहे पण कंट्रोलमध्ये, थायरॉइड नॉर्मल, मेंदूचा एमआरआयही नॉर्मल. शेवटी 'वयोमानाने होतं' असं ऐकवलं गेलं. अहो पण वय सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतं का?

आईचं म्हणणं, संध्याकाळी त्यांची डावी पापणी खाली येते आणि वामकुक्षी झाली की परत वर जाते. वडील म्हणतात हिचं काहीतरीच. आता न्यूरोला दाखवू की दुसऱ्या डोळ्याच्या डॉक्टरांना? कोणाच्या घरी असं झालंय का?

प्रतिसाद: काकूंचं निरीक्षण बरोबर आहे, ते डॉक्टरांना नक्की सांगा. एक डोळा झाकून दुहेरी जातंय म्हणजे दोन डोळे एका रेषेत राहत नाहीयेत, चष्मा किंवा मोतीबिंदूचं असतं तर एका डोळ्यानेही दोन दिसलं असतं. शुगरमुळे डोळ्याची नस दुखावली तरी दोन दिसतं आणि बऱ्याचदा तीनेक महिन्यांत सुटतं, पण ते असं विश्रांतीने जात-येत नाही. माझ्या मावशीला सेम होतं, मायस्थेनिया निघाला, त्यात नसेकडून स्नायूला निरोप नीट पोचत नाही म्हणून वापरला की स्नायू थकतो. तुमच्याकडे तेच असेल असं नाही म्हणत, पण न्यूरोला अँटीबॉडीच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. फक्त डोळ्यापुरता आजार असेल तर जवळपास निम्म्या लोकांत ती निगेटिव्ह येते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून विषय बंद करू नका, नसा-स्नायूंची ईएमजी वगैरे टेस्ट असते. आणि चालू गोळ्यांची यादी न्या, बीपीच्या काही गोळ्या आणि काही अँटिबायोटिक यात त्रास वाढवतात. मनाने बंद मात्र करू नका. गिळायला, बोलायला, श्वासाला त्रास झाला, किंवा अचानक जोरात डोकं दुखून पापणी मिटली, बाहुली मोठी झाली तर वाट न बघता इमर्जन्सी.

धागाकर्ती: खूप आभार! बीपीची गोळी मेटोप्रोलॉल आहे, लिहून ठेवलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी चेहऱ्याचा फोटो काढायला सुरुवात केलीये, वडील वैतागलेत. मंगळवारी न्यूरोची अपॉइंटमेंट मिळाली, सकाळची देत होते, मुद्दाम संध्याकाळी सातची मागून घेतली.