सायकॉलॉजीच करायचंय, तर आधी कम्युनिटी कॉलेज का नको?

कुपर्टिनोकर
बे एरियातल्या गणेशोत्सवात आरतीनंतरचा ठरलेला प्रश्न: 'मग, कुठे मिळाली ॲडमिशन?' यंदा एका आईने 'डी अँझा' (इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज) असं उत्तर दिलं आणि समोरच्या काकूंचा चेहरा असा पडला, जणू पोरगी बारावीलाच नापास झाली असावी.

माझं मत सांगतो. कॅलिफोर्नियाचा रहिवासी असलेल्या आणि सायकॉलॉजी करायचं ठरलेल्या मुलाने पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजातच काढावीत आणि मग ट्रान्सफर घेऊन यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, जावं. युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर, ६० युनिटांचे २,७६०. (डी अँझासारख्या सेमिस्टरऐवजी क्वार्टर असलेल्या कॉलेजांचा हिशेब वेगळा, पण बेरीज तिथेच येते.) यूसीत नुसती फी वर्षाला पंधरा हजारांच्या घरात, राहणं-खाणं वेगळंच. आणि या दोन वर्षांत असतं काय? इंट्रो, स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स, थोडी बायॉलॉजी, इंग्रजी. तेच तिकडे शेकड्यांनी भरलेल्या हॉलमध्ये ऐकायचं. इथे वर्ग लहान, आणि शिकवणाऱ्याला पगार शिकवण्याचाच मिळतो, संशोधनाचा नाही.

शिवाय टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) आहे: ठरलेले कोर्स ठरलेल्या ग्रेडने पूर्ण केले की डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या यूसींपैकी एका ठिकाणी प्रवेशाची हमी. मग अडतंय कुठे? काकूंच्या चेहऱ्यावर?

लॅबवाली
काकूंचं सोडा, मीही असहमत. फीचा मुद्दा मान्य. पण सायकॉलॉजीच्या नुसत्या बीएवर काही भागत नाही, पुढे शिकावंच लागतं. पीएचडीला जायचं तर पहिला प्रश्न असतो: कुठल्या लॅबमध्ये काम केलंस आणि शिफारसपत्र कोण देणार?

पहिल्यापासून यूसीत असलेली पोरगी दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये शिरते. काम हमालीचं. आमच्याकडे बाळांचे व्हिडिओ असतात. बाळाची नजर आईकडून खेळण्याकडे कधी वळली, हे फ्रेम थांबवून थांबवून नोंदवायचं. तोच व्हिडिओ दुसरी मुलगीही नोंदवते आणि दोघींचं जुळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर हे केलेल्या मुलीला प्रोफेसर नावानिशी ओळखतात. ट्रान्सफरवाली तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात येते आणि पीएचडीचे अर्ज चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात भरायचे असतात. तेवढ्यात लॅब मिळवायची कधी, काम दाखवायचं कधी आणि पत्र मागायचं कधी?

आणि 'शिकवण्याचाच पगार' म्हणता, तर तो किती जणांना पूर्ण मिळतो? अर्धेअधिक प्राध्यापक अर्धवेळ. सकाळी या कॉलेजात, दुपारी त्या, मधला वेळ फ्रीवेवर.

कुपर्टिनोकर
पण पीएचडी करणारे असतात किती? आपली बहुतेक मुलं समुपदेशनाकडे जातात. कॅलिफोर्नियात एमएफटीचं (विवाह आणि कुटुंब समुपदेशकाचं) लायसन्स हवं तर मास्टर्स आणि देखरेखीखाली ३,००० तास. तिथे बाळाची नजर कुठे वळली हे कुणी विचारत नाही.

आकडेमोड
दोघंही यूसीत पोचलेल्यांबद्दलच बोलताय. मुळात पोचतात किती? राज्याच्या ऑडिटरचा २०२४ चा अहवाल आहे. ट्रान्सफरच्या इराद्याने कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष ट्रान्सफर झालेले पाचातला जेमतेम एक. 'दोन वर्षं' हा शब्द म्हणूनच जपून वापरावा.

कुपर्टिनोकर
त्या आकड्यात रात्रपाळी करून शिकणारे, लेकुरवाळे, अर्धवेळवाले सगळे आले. आपली मुलं घरी राहून पूर्णवेळ शिकतात, आईबाप मागे असतात. त्यांना तो आकडा लावू नका.

आकडेमोड
म्हणजे मुलगा कुठे पोचेल हे घरावर ठरतं, कॉलेजवर नाही. मग कॉलेजची एवढी तरफदारी कशाला? आणि ते 'आपली मुलं' जरा खटकलंच.

मधल्या_वाटेने
मी स्वतः ट्रान्सफर. सध्या यूसीत शेवटचं वर्ष, सायकॉलॉजीच. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचणारं सांगते.

कोर्स सगळे मोजले गेले, कारण ॲडमिशन घेतल्या दिवसापासून असिस्टची वेबसाइट उघडून बसायचे. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत धरला जातो, सगळं तिथे आहे. समुपदेशकाच्या तोंडी शब्दावर राहिलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं एक क्वार्टर फुकट गेलं. २०२५ पासून इंट्रोला सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत एकच नंबर आलाय, पीएसवायसी सी१०००, पण बाकीचे कोर्स तपासावेच लागतात.

अडलं वेगळ्याच जागी. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स टीआय-८४ कॅल्क्युलेटरवर शिकले. 'ए' मिळाला. इथे यूसीत पहिल्याच आठवड्यात टीएने (प्राध्यापकाच्या सहायकाने) 'आर उघडा' म्हटलं; आर म्हणजे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर, त्यात कोड लिहावा लागतो. शेजारची मुलगी कोड टाइप करत होती आणि मी सॉफ्टवेअर डाउनलोड करत होते. दहा आठवड्यांचं क्वार्टर, चौथ्यात मिडटर्म. जमलं नंतर, पण लॅबला ईमेल करायचं धाडस पहिल्या क्वार्टरात झालं नाही. लॅबवाली म्हणते ते खरंच आहे. फक्त डोक्यावर कर्ज नाही, म्हणून वर्षभर कुठेतरी रिसर्च असिस्टंट म्हणून काम करून मग पीएचडीचा अर्ज करेन. कर्ज असतं तर हे जमलं नसतं. हे कुपर्टिनोकरांच्या खात्यात टाका.

लॅबवाली
हे उत्तर पटलं. मधलं वर्ष घेण्याची तयारी असेल तर माझी अर्धी तक्रार संपते. पण घरी आत्ताच सांगून ठेव. 'चारच वर्षांत आटपेल' या हिशेबावर बसलेल्या आईबापांना मधलं वर्ष म्हणजे गॅप वाटते.

एच४_मावशी
सगळे पोरांबद्दलच बोलताय. मी नाशिकची बीकॉम, मुलगा मिडल स्कूलला, आणि मी कम्युनिटी कॉलेजात सायकॉलॉजी शिकतेय. कुठली यूसी मला माझ्या बीकॉमच्या मार्कांवर उभं करणार होती? आमच्या लाइफस्पॅनच्या (जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या मानसशास्त्राच्या) वर्गात एकोणिशीची पोरं, एक निवृत्त बसचालक आणि मी. म्हातारपणाचा धडा आला तेव्हा बाईंनी स्लाइड बंद केल्या आणि काकांना बोलू दिलं. बायको गेल्यावर स्वयंपाकघरात जाणंच टाळायचो, म्हणाले. सगळ्या पोरांचे फोन उलटे पडलेले. शेकड्यांच्या हॉलमध्ये हे होणार आहे का?

अवांतर: ज्यांची मुलं एच४ वर (एच१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहेत त्यांनी फीच्या आधी २१ वा वाढदिवस मोजावा. त्या दिवशी एच४ संपतो. एफ१ वर (विद्यार्थी व्हिसावर) गेलं की रहिवाशाची फी विसरा. 'निवांत तीन वर्षांत ट्रान्सफर होऊ दे' ही चैन सगळ्यांना नाही.

कुपर्टिनोकर
मावशी, २१ चा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. तिथे माझं 'घरी राहून शिका' लंगडं पडतं, मान्य. ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणि सिटिझन मुलांसाठी मत बदललेलं नाही.

आकडेमोड
म्हणजे 'आपली मुलं' आणखी कमी झाली.

मधल्या_वाटेने
भांडा सावकाश. ज्यांची मुलं यंदा टॅग भरणार आहेत त्यांच्यासाठी: मुदत ३० सप्टेंबर, आणि तो एकाच कॅम्पसला भरता येतो. यूसीचा मूळ अर्ज त्यानंतर वेगळा भरावा लागतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला टॅग नाहीच.