मदत हवी आहे: घरात रांगतं बाळ असताना मोठीसाठी कोणते खेळ मांडावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही लालबागला चाळीत राहतो. लेक साडेतीन वर्षांची आहे आणि धाकटा नुकताच रांगायला लागलाय. पावसाळ्यात खाली खेळायला नेता येत नाही, त्यामुळे तिला दिवसभर घरातच गुंतवावं लागतं. मोबाइल द्यायचा नाही, असं मी आणि सासूबाईंनी ठरवलंय.

तिच्या बालवाडीत आत्ताच वहीवर अक्षरं गिरवायला देतात. पेन्सिल धरली की तिचा हात लगेच दुखतो, मग ती रडते. बोटांत अजून तेवढी ताकदच आलेली नाही, असं मला वाटतं. म्हणून घरी लिहायला न बसवता हाताला काम देते. कणीक मळताना एक गोळा तिचा असतो. मटार सोलते, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावते. परातीत रवा पसरून बोटाने रेघा, गोल आणि मग ‘र’, ‘ग’ काढणं तिला सगळ्यात आवडतं. चुकलं की परात हलवायची, पाटी कोरी! वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायचं कामही तिचंच.

अडतंय ते मोजणी आणि वर्गीकरणापाशी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा बिया, पानं, शंखशिंपले अशा आसपासच्या वस्तूंतूनच मुलांना शिकवलं. मलाही चिंचोके, राजमा, बटणं हेच आधी सुचतं. पण धाकटा जमिनीवरचं सगळं तोंडात घालतो. घशात अडकेल या भीतीने मी ते बाहेरच काढत नाही. बाटलीचं बूचसुद्धा नको वाटतं. सध्या कांदे-बटाटे, वाट्या आणि डब्यांची मोठी झाकणं यांवर भागवतेय. लहान-मोठं लावणं त्यात छान होतं, पण पाचाच्या पुढे मोजायला एवढं सामान मांडू कुठे? खोली एकच आहे.

तर बाळाच्या तोंडात मावणार नाही, धुता येईल आणि एका पिशवीत राहील असं काय वापरता येईल? जुन्या कापडाचं काही शिवून कुणी केलं असेल तर माप आणि आत काय भरलं तेही सांगा. आणि बालवाडीच्या बाईंशी गिरवण्याबद्दल कसं बोलावं? बाई मनाने चांगल्या आहेत, त्यांना दुखवायचं नाहीये.